सांगण्यावरून काढलेला चेहरा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या गावांना कुणी हौसेनं प्रवासाला गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जाऊन आल्यावर आमच्या पुण्यातल्या शेजाऱ्यांनी मला विचारलं, "तिकडं बघायला काय आहे हो?" मी तिथं काही बघायला गेलोच नव्हतो. एका बाईचा चेहरा आठवून द्यायला गेलो होतो आणि ते मला जमलं नाही. तरीही लिहितो आहे, कारण त्या पाच-सहा दिवसांनंतर माझं वर्गात बोलणं अवघड झालं आहे.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, त्यातही सौंदर्यशास्त्र. सौंदर्य शोधायला संग्रहालयात जायची गरज नाही, ते घासलेल्या तांब्यात असतं, गोधडीच्या टाक्यात असतं, पानवाल्याच्या आरशावर रंगवलेल्या मोरात असतं, हे माझं आवडतं पालुपद. मुलं ते इमानेइतबारे उतरवून घेतात आणि परीक्षेत मलाच परत करतात. ह्या पालुपदावर माझी बरी चालली होती.

वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. चित्रकलेचं शिक्षण अर्ध्यावर सोडून तो मुंबईकडे गेला, दुकानांच्या पाट्या रंगवत फिरला आणि शेवटी उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी फ्रेमवाल्याकडे चिकटला. राहायला मात्र बदलापुरात होता, कारण बायको तिकडचीच, बारवी नदीकाठच्या एका वाडीतली. तिचं नाव यमुना, सगळे यमू म्हणायचे. गेल्या श्रावणात ती तापानं गेली. मागं पाच वर्षांची मुलगी, शकू.

पौषात एका मित्राच्या तोंडी वसंताचा निरोप आला. "त्याला यमूचा चेहरा आठवेना झालाय. फोटो एकही नाही. तू तिला पाहिलं आहेस, तर ये म्हणाला."

निरोप मिळाला तशी मी पुण्याहून गाडी धरली. मी कल्याणपर्यंत डोळे मिटून बसलो होतो. यमूच्या हातचं मी बऱ्याचदा जेवलो होतो. वालाचं बिरडं आठवलं. लुगड्याचा काठ आठवला. आतून येणारं "भावजी, आनखी वाढू?" हे तर कानात जसंच्या तसं होतं. चेहऱ्याच्या जागी मात्र दार होतं, आणि दाराआड डोक्यावरून पुढं ओढलेला पदर. मित्राच्या बायकोकडे टक लावून बघायची आमच्यात रीत नाही. मी चांगल्या घरातला माणूस, मी कधी बघितलंच नाही.

कॅम्प नंबर दोन

लढाईच्या काळात इथं सैन्याची छावणी होती. आता तिच्या लांबलचक बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं राहतात. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक बिऱ्हाडं केलेली, आणि बराकींच्या पुढं दुकानं. इतकी दुकानं आणि इतकी लगबग मी पुण्यात लक्ष्मी रोडवरही पाहिली नाही. आमचा दुकानदार गिऱ्हाईक आलं की वर्तमानपत्राआडून बघतो. इथला दुकानदार रस्त्यावर येऊन तुम्हाला हाताला धरून नेतो. घरंदारं सोडून आलेली माणसं दोरीवर पापड वाळत घालतात, शिलाईची यंत्रं चालवतात, पत्र्याचे डबे रंगवतात, आणि पलीकडच्या हॉटेलातल्या रेडिओबरोबर गाणंही म्हणतात. पहिल्या तासाभरात माझ्यातला व्याख्याता जागा झाला होता, हे लपवत नाही.

वसंताचं दुकान म्हणजे मोठी फळकुटाची शेड. मालकाला सगळे साईं म्हणत. त्यानं मला बघताच खुर्ची पुसली आणि भाजलेला पापड न् पाण्याचा पेला पुढं केला. पाहुण्याला आधी पापड-पाणी, मग बोलणं, ही त्यांची रीत. आपल्याकडच्या गूळ-पाण्यासारखंच ते, पण खाताना इतका आवाज होतो की दोघंही हसतात, आणि ओळख झटक्यात होते.

"प्रोफेसर साब, आपका दोस्त मुर्दे को ज़िंदा करता है," साईं म्हणाला.

ह्याचा अर्थ समोरच दिसला. येताना ह्या लोकांचे फोटो तिकडेच राहिले. आता बाप गेला, आजी गेली, की भिंतीवर हार घालायला तसबीर नाही. मग माणसं वसंताकडे येऊन सांगतात, नाक माझ्यासारखं होतं, मिशा काकासारख्या, डोक्यावर केस नव्हते. वसंता सांगण्यावरून चेहरा काढतो. वेळ वाचावा म्हणून चित्रांचे लाकडी फळे आधीच रंगवून ठेवलेले असतात. पुरुषांसाठी काळा कोट, शेजारी टेबल, टेबलावर फुलदाणी. बायकांसाठी काठाची साडी, दुपदरी हार, मागं निळा पडदा. आणि दोन्हींच्या गळ्यात चंदनाचा हारही रंगवूनच ठेवलेला. मधला चेहऱ्याचा गोल तेवढा कोरा. भिंतीला अशी बिनचेहऱ्याची माणसं ओळीनं उभी होती.

एक तरुण आपल्या बापाची तसबीर न्यायला आला. बघून म्हणाला, "बाबा ने कोट कभी पहना ही नहीं था."

"अब तो पहन ले बेचारा," साईं म्हणाला. तरुण हसला, मग रडला, आणि तसबीर छातीशी धरून गेला. मीही हसलो होतो. त्या लोकांना मढवलेली तसबीर हवी होती, गाल गुलाबी हवे होते, कपाळावर नटासारखी केसांची बट हवी होती. माझ्या वर्गात ह्याला भडक म्हणणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्याशी भांडत आलो आहे.

शकू एका ओल्या चित्राखाली बसून पापड खात होती. घरी बघायला कुणी नाही म्हणून वसंता तिला रोज बरोबर आणतो. मी जवळ गेलो तशी ती चित्राकडे बोट करून म्हणाली, "ही माझी आई."

चित्र कुणा सिंधी बाईचं होतं. दुपारी ते न्यायला तिची माणसं आली. त्यांनी ते कापडात गुंडाळलं तेव्हा शकूनं त्यातल्या एकाच्या पायाला मिठी मारून असा आकांत मांडला की ते लोक घाबरले. साईंनं तिला उचलून पुन्हा पापड दिला. वसंता ब्रश धूत राहिला.

"दर वेळी असंच होतं," तो मला नंतर म्हणाला. "बाईचं चित्र आलं की तिला आई वाटते. तिला एक आई पाहिजे रे, जी कुणी घेऊन जाणार नाही. मला ती काढता येत नाहीये. बसलो की हात दुकानातलाच चेहरा काढतो. सगळ्या बायकांना देतो तोच."

"तू तिचं चित्र कधीच काढलं नाहीस?"

"काढू दिलं नाही. म्हणायची, तुमच्या हातून निघतं ते मेलेल्याचं. माझं काढू नका."

मग त्यानं मला विचारलं, यमू कशी होती. पुढ्यात कागद, हातात कोळसा. मी म्हणालो, "सात्त्विक." तो वाट बघत राहिला. मी म्हणालो, "म्हणजे प्रसन्न." त्यानं विचारलं, कपाळ केवढं? भुवया जुळलेल्या की सुट्या? माझ्याजवळ सौंदर्यावरचे शब्द पोतंभर आहेत, त्यातला एकही नाकाडोळ्यांना लागेना. वसंतानं कोळसा खाली ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे. तू तरी कसा बघणार?" त्यानं मला समजून घेतलं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी शकूला साईंच्या घरी ठेवून आम्ही अंबरनाथला गेलो. बदलापुरातल्या एका शेजारणीनं वसंताला सांगितलं होतं की त्याच्या लग्नाच्या वर्षी शिवरात्रीच्या जत्रेत बायकांचा घोळका फोटोला उभा राहिला होता, आणि नको नको म्हणणाऱ्या यमूलाही त्यांनी ओढलं होतं. जत्रेतला तो फोटोवाला अंबरनाथचाच.

वाटेत देवळात गेलो. हे शिवमंदिर फार जुनं, खाली उतरून जावं लागतं तो गाभारा, आणि बाहेरून भिंतीभर दगडी बायका, आरशात बघणाऱ्या, केस पिळणाऱ्या. बाहेर नारळ-फुलांची दुकानं, त्यांतच काचेच्या बांगड्या आणि देवांची रंगीत चित्रं. मी सवयीनं तोंड उघडलं. शेकडो वर्षांमागं पाथरवटानं रोजच्याच बायका घडवल्या, हे वाक्य माझं तयार असतं.

वसंता वर बघत म्हणाला, "चेहरे पावसानं झिजलेत बघ. कंबर शाबूत, हात शाबूत. माझं तसंच झालंय. तिची पाठ विचार, चुलीपुढं बसलेली. डोळे मिटून काढीन. तळहात विचार. पायाचं बोट विचार. पण घरात बायको समोर कधी असते रे? ती आपली वाकलेली असते, पाठमोरी असते, नाहीतर अंधारात असते."

त्याचं म्हणणं साधं होतं, आणि माझ्या आजवरच्या सगळ्या व्याख्यानांच्या मुळावर येणारं होतं. रोजची वस्तू रोजची असते कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. बघत बसलं तर पाणी कोण भरणार, भात कोण रांधणार? मी ज्या सौंदर्याचे गोडवे गात होतो ते सौंदर्य न बघण्यावरच टिकलेलं होतं. आणि न बघितलेली गोष्ट गेली की तिचं मागं काहीच उरत नाही. हे मला देवळाच्या आवारात, हातात नारळाचा तुकडा घेऊन कळलं. कळून बरं वाटलं नाही.

फोटोवाल्याचं घर काड्यापेट्यांच्या कारखान्याकडच्या चाळीत होतं. भोंगा होऊन पाळी सुटली होती आणि माणसांच्या लोंढ्याविरुद्ध चालताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊनच मी त्या दारात उभा राहिलो. फोटोवाला म्हातारा, बोलका. जत्रेत लावायचा पडदा त्यानं आम्हाला हौसेनं उलगडून दाखवला. त्यावर विमान रंगवलेलं, खाली ढग, ढगांत ताजमहाल.

"बायका इथं उभ्या राहायच्या, इमानापुढं. खेड्यातल्या बायका घाबरायच्या, मग हसायच्या. छान यायचे फोटो."

"सहा-सात वर्षांमागच्या जत्रेच्या काचा, म्हणजे निगेटिव्ह, असतील?" वसंतानं विचारलं.

"काचा? अहो, त्या कोण ठेवतो! फोटो नेला नाही तर काच सोड्याच्या गरम पाण्यात टाकायची, वरचा थर निघतो. काच कशी लख्ख होते. दरसाल शिवरात्रीनंतर सगळ्या धुतो आणि कॅम्पातल्या फ्रेमवाल्यांना देतो. तसबिरीला लावतात ते."

वसंता खाली बसला. फोटोवाल्याला वाटलं त्याला ऊन लागलं, त्यानं पाणी आणलं. मी कारण सांगितलं तेव्हा म्हातारा फार हळहळला. "मला काय ठाऊक हो," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याचं काय चुकलं होतं? यमू कुठल्यातरी काचेवर उमटली होती, धुतली गेली होती, आणि त्या काचेमागं आता कॅम्पातला कुणाचा तरी बाप काळ्या कोटात बसला असेल.

बदलापूरच्या पुढे

राहिली होती ती यमूच्या आईची वाडी. वसंतानं दुकानातला एक फळा पाठीला बांधला, रंगांची पेटी घेतली, शकूला खांद्यावर बसवलं. बदलापुरापासून चालतच जायचं. भात कापून झालेली खाचरं, त्यांत ओलीवर पेरलेला वाल, झाडांवर रचलेले पेंढ्याचे भारे, आणि पुढं टेकड्या. शकूला आजोळची वाट पाठ होती. मी नव्या चपलेनं खाचरात एकदा घसरलो आणि ती खूप हसली. त्या सबंध प्रवासातलं तेवढंच हसू माझ्या लक्षात आहे.

वाडीत अंगणं सारवून लख्ख केलेली. आमच्या देशावर सारवताना हात सरळ फिरवतात. इथं बायका हाताच्या अर्धगोलांनी सारवतात, वाळल्यावर अंगणभर शिंपल्यासारखी नक्षी दिसते. कुणी तिला नक्षी म्हणत नाही. आम्ही तिच्यावरूनच चालत गेलो.

यमूच्या आईला सगळी वाडी बय म्हणते. तिनं शकूला पोटाशी धरलं, माझ्या पायावर पाणी घातलं, आणि तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, उकडलेल्या शेंगा पुढं ठेवल्या. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला मी, त्या पांढऱ्या मऊ भाकरीनं पोट भरलं का नाही ते कळेना, आणि बय वाढतच राहिली.

वसंतानं येण्याचं कारण सांगितलं. शकूचं ऐकून बयनं डोळे पुसले. मग शेजारणी जमल्या आणि जी ती यमूचा चेहरा सांगू लागली.

"डोले माज्यासारके व्हते," बय म्हणाली.

"नाय गो, डोले बापासचे. नाक तुजं," दुसरी म्हणाली.

"ती ना, कामाला लय वाघ. भाताच्या लावनीला तिच्यासारकी बाय नाय." तिसरी.

"चेहरा, मावशी. चेहरा सांगा," वसंता काकुळतीला येऊन म्हणाला.

"चेहरा काय सांगू, बाबा? चार बायांसारका. आपली यमू व्हती."

वसंतानं कोळशानं पाच-सहा कागद भरले. प्रत्येकावर दुकानातलीच बाई निघाली. बय प्रत्येक कागद हातात घ्यायची, लांब धरायची, परत द्यायची.

तेवढ्यात बयची धाकटी मुलगी भागी शेतावरून आली. डोक्यावर वालाच्या वेलांचा भारा, घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिनं भारा टाकला आणि पदरानं तोंड पुसत वळली. वसंताचा हात थांबला. शेजारणी म्हणाल्या, "ही न् यमू, येका साच्यातल्या." मी मोठ्या आशेनं भागीकडे पाहिलं. पण ज्या चेहऱ्याशी ताडून बघायचं तोच माझ्याजवळ नव्हता.

वसंता म्हणाला, भागीनं थोडा वेळ समोर बसावं. बय लगेच नाही म्हणाली. भागीचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं आणि लग्न ठरलेल्या पोरीचं चित्र काढणं तिला बरं वाटेना. चित्रानं आयुष्य ओढलं जातं, असं तिकडं मानतात.

इथं मी मधे पडलो. मी शहरातला मास्तर, माझ्या शब्दाला तिथं मान होता. मी समजावलं की चित्र म्हणजे नुसते रंग, त्यात जीव नसतो, त्यानं कुणाचं काही होत नाही. शकूकडे बोट केलं. ह्या पोरीला आई हवी आहे म्हणालो. बयनं शकूकडे पाहिलं, भागीकडे पाहिलं. "मास्तर म्हनतंत तर बस," ती म्हणाली आणि अंगण सारवायला गेली. बघवत नसावं.

वसंता पडवीत भिंतीशी बसला, फळा गुडघ्यांवर उभा धरून. पुढच्या वेळेत मी त्याला जसा पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. दुकानात त्याचा हात झपझप चालतो. इथं तो चाचपडत होता, पुसत होता, ओठ चावत होता. गुलाबी रंगाला त्यानं हात लावला नाही. आणि हळूहळू कोऱ्या गोलात एक सावळी, दमलेली, किंचित हसू दाबणारी बाई दिसायला लागली. जिवंत बाई. माझ्या अंगावर शहारा आला. शकू बापाच्या खांद्यावरून बघत होती. "हीच," वसंता पुटपुटला. "हीच रे. अशीच वळायची." मलाही तेव्हा वाटलं की हो, दाराआडची ती हीच.

शेवटी रंग वाळावा म्हणून त्यानं फळा अंगणाच्या कडेला उन्हात ठेवला.

आम्ही दोघं इतके त्या चेहऱ्यात बुडालो होतो की बाकीचा फळा आम्हाला दिसतच नव्हता. दुकानात रोज तेच बघून वसंताची नजर मेलेली, आणि दोन दिवसांत माझीही. बयनं मान वर केली. तिला काय दिसलं? निळा पडदा, काठाची साडी, आणि गळ्यात चंदनाचा हार. हारात भागी.

ती ओरडली नाही. शेणाचा हात तसाच घेऊन ती आली आणि तिनं चेहऱ्यावरून फिरवला. अर्धगोल, जसा अंगणावरून फिरवतात तसा. एकदा, मग परत एकदा.

"जित्या पोरीला हार घातलास?" ती वसंताला म्हणाली. "येक नेलीस ती पुरं नाय झाली?"

वसंतानं हात जोडले. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. बयनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भागी पडवीच्या खांबाला धरून रडत होती. बयनं मीठ-मिरच्या आणून तिची दृष्ट काढली, चुलीत टाकल्या, आणि वास येतो की नाही बघत बसली. मग तिनं शकूच्या ओंजळीत शेंगा घातल्या, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि वसंताला म्हणाली, "लगीन होईस्तोवर हिकडं येऊ नुको."

मला त्या बाईचा राग आला नाही. मला माझाच आला, आणि तो अजून गेलेला नाही. चित्रात जीव नसतो म्हणणारा मी, त्या चित्रातला जीव बघून शहारलो होतो. बयला तोच जीव दिसला होता. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली एवढाच फरक.

परतताना शकूनं वाटेत विचारलं, "आजीनं आईला शेण का लावलं?" वसंता पुढं चालत होता. मी तिला टेकडीवरची गुरं दाखवली.

पुन्हा कॅम्पात

दुसऱ्या दिवशी वसंतानं तोच फळा धुतला. शेणाबरोबर खालचा न वाळलेला चेहराही गेला. तो कामाला बसला आणि पानाला चुना लावावा तितक्या सहज त्यानं चेहरा काढला. गुलाबी गाल, मोठे डोळे, कपाळावर बट. दुकानातला नेहमीचा.

"वसंता," मी म्हणालो, "कालचा आठव. काल तुला सापडली होती."

"काल भागी समोर होती. आज डोळे मिटले की शेणाचा हात दिसतो." तो ब्रश पुसत म्हणाला, "पोरीला भिंतीवर कुणीतरी पाहिजे. ही घे म्हणतो."

त्यानं शकूला बोलावून सांगितलं की ही तुझी आई, ही कुणी नेणार नाही. शकूनं हात जोडले, जसे इतर लोक तसबिरीपुढं जोडतात तसे. मग ती चित्राशेजारी मांडी घालून बसली आणि कुणी फार जवळ आलं की अंग ताठ करू लागली. मी दुकानाबाहेर गेलो. बाहेर बाजार चालूच होता. पापडवाला ओरडत होता, हॉटेलात रेडिओ गात होता. ह्या सगळ्यावर मी पहिल्या दिवशी भाळलो होतो. आता ते नुसतं चाललं होतं.

परत आलो तेव्हा एक म्हातारी सिंधी बाई शकूच्या चित्रापुढं उभी होती. तिची सून तिकडून येताना वाटेतच गेली होती, आणि ती पहिल्यांदाच तसबीर सांगायला आली होती. सांगण्यासारखं तिच्यापाशी काही राहिलं नसावं. ती चित्राकडे बघत रडत होती.

"ऐसी ही थी," ती म्हणाली. "बिल्कुल ऐसी. साईं, मुझे यही बना दो."

"ये नहीं मिलेगी, अम्मा. ये बच्ची की माँ है," साईं म्हणाला आणि त्यानं वसंताकडे पाहिलं. वसंतानं भिंतीकडचा कोरा गोल असलेला फळा ओढला. म्हातारी एकेक सांगत नव्हती, नुसती शकूच्या चित्राकडे बोट करत होती, आणि वसंता त्याच्याकडे बघून काढत होता. उतरत्या उन्हात दोन्ही फळे वाळायला शेजारीशेजारी ठेवले. मधे कामगारांनी ते उन्हाबरोबर सरकवले, फ्रेमची मापं घेतली, पुन्हा ठेवले.

शकू पाणी प्यायला गेली होती. ती आली, एका चित्रापुढं थांबली, मग दुसऱ्यापुढं. मग माझ्याकडे आली.

"काका, ह्यातली माझी कुठली?"

मी दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणालो, "बाबांना विचार."

तिनं वसंताचा सदरा ओढला. वसंता उठला, फळ्यांपुढं उभा राहिला. त्यानं एकाकडे बोट केलं. पण त्याआधी तो बराच वेळ बघत राहिला होता.